नाव तेच, क्लास दुसराच: पायथनमध्ये इझइन्स्टन्स विनाकारण फॉल्स देतं तेव्हा

लक्षणं

हातात `पावती` क्लासचा ऑब्जेक्ट आहे. टाइप छापला की नाव `पावती` असंच येतं, ॲट्रिब्यूट जागेवर आहेत, मेथड नीट चालतात. तरीही ऑब्जेक्ट त्या क्लासचा आहे का हे तपासणारं `इझइन्स्टन्स(प, पावती)` फॉल्स देतं. कधी हे फक्त टेस्टमध्ये होतं, कधी फक्त नोटबुकमध्ये, कधी फाइल थेट चालवली तरच.

हीच अडचण दुसऱ्या रूपांतही येते आणि तेव्हा ती चटकन ओळखू येत नाही. `एक्सेप्ट पावतीचूक` असं स्पष्ट लिहिलेलं असूनही `पावतीचूक` हे एक्सेप्शन तिथे न अडता वर निघून जातं. दोन एनम (ठरावीक मूल्यांच्या यादीचे) सदस्य छापल्यावर अक्षर न् अक्षर सारखे दिसतात, पण `==` फॉल्स. दोन डेटाक्लास ऑब्जेक्टची सगळी फील्ड जुळतात, तरी ते समान ठरत नाहीत. टाइप पाहून फंक्शन निवडणाऱ्या `सिंगलडिस्पॅच`मध्ये त्या क्लाससाठी नोंदवलेलं फंक्शन बाजूला राहतं आणि डीफॉल्ट चालतं. पिकल करताना, म्हणजे ऑब्जेक्ट फाइलीत साठवताना, ‘इट्स नॉट द सेम ऑब्जेक्ट ॲज’ असे शब्द असलेला पिकलिंगएरर येतो. यातलं एक जरी दिसलं तरी कोड बदलण्याआधी खालचं निदान करून घ्या.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल एवढंच: पायथनचे स्वतःचे शब्द, लायब्ररींची नावं आणि आकडे इथे देवनागरीत लिहिले आहेत, ते टाइप करताना मूळ रूपात टाइप करा. `पावती`, `दुकान` ही उदाहरणातली नावं मात्र आहेत तशी चालतात, कारण पायथन ३ देवनागरी नावं स्वीकारतो.

कारण

पायथनमध्ये क्लास हाही रनटाइमला तयार होणारा एक ऑब्जेक्टच असतो. `क्लास पावती:` ही ओळ म्हणजे कंपायलरला दिलेली निव्वळ माहिती नाही. ती चालते, आणि जितक्या वेळा चालते तितके वेगवेगळे टाइप-ऑब्जेक्ट बनतात. एकच फाइल दोनदा चालली तर `पावती` नावाचे दोन क्लास मेमरीत उभे राहतात. त्यांचा सोर्स कोड एकच असला तरी पायथनच्या लेखी त्यांचं एकमेकांशी काही नातं नसतं.

तपासणी करताना पायथन नाव पाहत नाही. ऑब्जेक्टच्या टाइपची एमआरओ, म्हणजे इनहेरिटन्सची क्रमवार यादी, चाळून तिच्यात नेमका तोच क्लास-ऑब्जेक्ट आहे का हे पाहतो. `एक्सेप्ट` हेच करतं. डेटाक्लासची आपोआप बनणारी समानतेची मेथड आधी दोन्ही बाजूंचा क्लास `इज` लावून तपासते आणि मगच फील्डकडे वळते. साध्या एनमची तुलना ओळखीवरच चालते. (`इंटएनम`ची तुलना आकड्यांवर होते, म्हणून तिथे हा बिघाड झाकला जातो आणि महिनोन्‌महिने लक्षात येत नाही.)

म्हणजे `इझइन्स्टन्स` खोटं बोलत नाही. ऑब्जेक्ट क्लासच्या एका प्रतीतून बनला आहे आणि तपासणी दुसऱ्या प्रतीशी होते आहे. आपल्याला शोधायचं आहे ते इतकंच: दुसरी प्रत कोणत्या वाटेने आली.

सगळ्यात आधी: नाव जुळवून दुरुस्ती करू नका

या अडचणीवर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे अट बदलून `टाइप(प).__नेम__ == 'पावती'` असं लिहिणं. त्याने त्या ओळीपुरता फॉल्स जातो आणि मूळ आजार आत दडपला जातो. `पावती`चा सबक्लास या अटीत बसत नाही. भलत्याच लायब्ररीतला त्याच नावाचा क्लास बसतो. `एक्सेप्ट`, एनम आणि डेटाक्लासची समानता पूर्वीसारखीच बिघडलेली राहते.

खरं नुकसान याहून मोठं असतं. मॉड्यूल दोनदा चाललं असेल तर क्लासच नव्हे, त्या मॉड्यूलमधलं सगळंच दुप्पट झालेलं असतं: कॅशे दोन, नोंदणीच्या डिक्शनरी दोन, सिंगलटन दोन, डेटाबेसचे कनेक्शन पूल दोन, लॉक दोन. एका प्रतीतल्या लॉकने दुसऱ्या प्रतीतला डेटा राखला जात नाही. `इझइन्स्टन्स`चा फॉल्स ही यातली सर्वांत निरुपद्रवी आणि सर्वांत लवकर मिळणारी सूचना आहे. ती बंद केली तर पुढचा बिघाड थेट चुकीच्या डेटाच्या रूपात समोर येईल.

निदान

ज्या फाइलमध्ये, ज्या ओळीवर तपासणी फसते, तिच्या लगेच वर हे लिहा. वेगळा शेल उघडून तपासू नका. त्या मॉड्यूलमध्ये `पावती` हे नाव कोणत्या प्रतीकडे बोट दाखवतं हे तिथेच कळेल, बाहेरून नाही.

```
क = टाइप(प)
प्रिंट(क इज पावती, आयडी(क), आयडी(पावती))
प्रिंट(क.__मॉड्यूल__, पावती.__मॉड्यूल__)
प्रिंट(क.__क्वालनेम__, पावती.__क्वालनेम__)
प्रिंट(क.__एमआरओ__)
प्रिंट(क.बेरीज.__कोड__.को_फाइलनेम)
प्रिंट(पावती.बेरीज.__कोड__.को_फाइलनेम)
```

शेवटच्या दोन ओळी आवर्जून ठेवा. `इन्स्पेक्ट.गेटफाइल` सोयीचं वाटतं, पण क्लास दिला की ते क्लासचं मॉड्यूल-नाव घेऊन `सिस.मॉड्यूल्स`मध्ये, म्हणजे लोड झालेल्या मॉड्यूलांच्या नोंदीत, शोधतं. तिथे आज जे मॉड्यूल बसलं आहे त्याची फाइल ते सांगतं, क्लास प्रत्यक्षात जिथे घडला ती नव्हे. मेथडच्या कोड-ऑब्जेक्टवर मात्र कंपाइल होतानाचा फाइलपाथ लिहिलेला असतो. `बेरीज`च्या जागी तुम्ही स्वतः लिहिलेली कुठलीही मेथड घ्या. डेटाक्लासची `__इनिट__` घेऊ नका, ती मजकुरातून तयार केलेली असल्याने फाइलच्या जागी ‘स्ट्रिंग’ एवढंच मिळतं.

आता वाचन. पहिल्या ओळीत ट्रू आलं तर हा लेख तुमच्या अडचणीचा नाही: टाइप नेमका तोच असेल तर `इझइन्स्टन्स` मेटाक्लासला (क्लास घडवणाऱ्या क्लासला) न विचारताच ट्रू देतं, त्यामुळे चूक अटीच्या इतर भागात आहे. फॉल्स आलं, तर मॉड्यूलच्या नावांकडे बघा.

एक नाव `__मेन__` आणि दुसरं नेहमीचं असेल, तर प्रवेशाची, म्हणजे थेट चालवलेली, फाइलच दुसऱ्यांदा इम्पोर्ट झाली आहे. दोन्ही नावं नेहमीची पण वेगळी, आणि फाइल एकच असेल, तर सर्च पाथमध्ये (`सिस.पाथ`, मॉड्यूल शोधायच्या फोल्डरांची यादी) त्या फाइलकडे जाणाऱ्या दोन वाटा आहेत. नावंही वेगळी, फाइलही वेगळ्या असतील, तर पॅकेजच्याच दोन प्रती डिस्कवर आहेत. नाव तेच, फाइल तीच, फक्त आयडी वेगळा असेल, तर रीलोड, नोटबुक किंवा फंक्शनच्या आत बनणारा क्लास.

संशय एका क्लासपुरता न ठेवता सगळ्या प्रोग्रामची झडती घ्यायची असेल तर हा तुकडा सगळी इम्पोर्ट झाल्यानंतर चालवा:

```
इम्पोर्ट ओएस, सिस
फ्रॉम कलेक्शन्स इम्पोर्ट डीफॉल्टडिक्ट

गट = डीफॉल्टडिक्ट(डिक्ट)
फॉर नाव, म इन लिस्ट(सिस.मॉड्यूल्स.आयटम्स()):
    फ = गेटॲट्र(म, '__फाइल__', नन)
    इफ फ:
        गट[ओएस.पाथ.रिअलपाथ(फ)].सेटडीफॉल्ट(आयडी(म), नाव)

फॉर फ, प्रती इन गट.आयटम्स():
    इफ लेन(प्रती) > १:
        प्रिंट(फ, लिस्ट(प्रती.व्हॅल्यूज()))
```

मॉड्यूलच्या आयडीवर गट करायचं कारण असं की काही मॉड्यूल रास्तपणे दोन नावांनी नोंदलेली असतात. `ओएस.पाथ` आणि लिनक्सवरचं `पॉझिक्सपाथ` हे एकच ऑब्जेक्ट आहे, ती दुसरी प्रत नव्हे. `रिअलपाथ` सिमलिंकसाठी तर हवाच, शिवाय पायथन ३.९ च्या आधी `__मेन__`चा फाइलपाथ सापेक्ष असू शकतो, त्यासाठीही हवा. या तुकड्याने एक जरी ओळ छापली तर मॉड्यूल दुप्पट झालं आहे हे जवळजवळ नक्की.

पहिली वाट: प्रवेशाची फाइल दोनदा

सर्वांत जास्त वेळा सापडणारं कारण हेच. `पायथन पावती.पीवाय` अशी फाइल चालवली की पायथन तिला `__मेन__` या नावाने `सिस.मॉड्यूल्स`मध्ये ठेवतो. त्या फाइलने `हिशेब` इम्पोर्ट केलं आणि `हिशेब`मध्ये `फ्रॉम पावती इम्पोर्ट पावती` असं असलं, की पायथन `पावती` नावाचं मॉड्यूल शोधतो. ते नाव यादीत नसतं, कारण तीच फाइल `__मेन__` म्हणून बसलेली आहे. मग फाइल पुन्हा वरपासून चालते आणि दुसरा क्लास बनतो. मुख्य फाइलने बनवलेला ऑब्जेक्ट `__मेन__.पावती`, `हिशेब`ची तपासणी `पावती.पावती`शी.

इथे ‘पायथन वजा एम लावून चालवा’ हा सल्ला हमखास मिळतो. तो अर्धवट आहे. `पायथन -एम दुकान.पावती` लावल्याने सर्च पाथची पहिली जागा फाइलच्या फोल्डरऐवजी चालू डिरेक्टरीला मिळते, आणि दुसऱ्या वाटेचा बंदोबस्त त्याने बऱ्याचदा होतो. पण तशी चालवलेली फाइलसुद्धा `__मेन__` याच नावाने चालते. कोणी `दुकान.पावती` इम्पोर्ट केलं की दुप्पट व्हायचं ते होतंच. पॅकेजच्या `__इनिट__` फाइलनेच ते मॉड्यूल आधी इम्पोर्ट केलं असेल तर ‘अनप्रेडिक्टेबल बिहेवियर’ असे शब्द असलेली रनटाइमवॉर्निंग येते. ती याच गोष्टीची सूचना असते, ती दाबून टाकू नका.

पक्का उपाय: जी फाइल थेट चालते तिच्यात क्लास, एक्सेप्शन, एनम, नोंदणीच्या डिक्शनरी यातलं काही ठेवू नका. पॅकेजमध्ये `__मेन__.पीवाय` नावाची फाइल करा, तिच्यात फक्त दोन ओळी: `फ्रॉम दुकान.सीएलआय इम्पोर्ट मेन` आणि `मेन()`. मग `पायथन -एम दुकान` असं चालवा. पॅकेज इन्स्टॉल होणार असेल तर पायप्रोजेक्ट फाइलमधल्या `प्रोजेक्ट.स्क्रिप्ट्स` विभागात `दुकान.सीएलआय:मेन` अशी नोंद करा. त्यातून तयार होणारी छोटी स्क्रिप्ट तुमचं मॉड्यूल नेहमीच्या नावाने इम्पोर्ट करते, त्यामुळे `__मेन__`मध्ये तुमचं काहीच उरत नाही.

याच वाटेचा एक उपद्रव मागे राहतो तो पिकल फाइलींचा. पिकल क्लासचा कोड साठवत नाही, फक्त मॉड्यूलचं आणि क्लासचं नाव साठवतो. स्क्रिप्टमधून डंप केलेल्या फाइलीत `__मेन__.पावती` असं लिहिलं जातं आणि दुसऱ्या प्रोग्राममध्ये लोड करताना ‘कान्ट गेट ॲट्रिब्यूट’ असा ॲट्रिब्यूटएरर येतो. क्लास हलवल्यावर जुन्या फाइली वाचायच्या असतील तर `पिकल.अनपिकलर`चा सबक्लास करून `फाइंड_क्लास` मेथडमध्ये `__मेन__` आल्यास नवं मॉड्यूल-नाव द्या, एकदा वाचा आणि लगेच नव्याने डंप करा. हा जोडकोड कायमचा ठेवू नका.

दुसरी वाट: एका फाइलकडे जाणारे दोन पाथ

प्रोजेक्टचं मूळ फोल्डर आणि त्यातलं `दुकान` फोल्डर असे दोन्ही `सिस.पाथ`मध्ये असले की `इम्पोर्ट दुकान.नोंदी` आणि `इम्पोर्ट नोंदी` दोन्ही यशस्वी होतात. पायथनच्या दृष्टीने ती दोन मॉड्यूल आहेत, कारण मॉड्यूलची ओळख त्याच्या पूर्ण नावावर ठरते, फाइलवर नाही. `एसआरसी.नोंदी` आणि `नोंदी` ही जोडी तर रोजची.

दुसरा पाथ कुठून आला हे शोधायला या क्रमाने बघा. आधी सगळ्या कोडमध्ये `सिस.पाथ.अपेंड` आणि `सिस.पाथ.इन्सर्ट` शोधा. सापडली की ती ओळ बहुतेक वेळा गुन्हेगार असतेच. मग एन्व्हायर्नमेंटमधला पायथनपाथ व्हेरिएबल बघा, डॉकरफाइल आणि सीआयच्या (आपोआप टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेच्या) सेटिंगसकट. पायचार्म वापरत असाल तर रन कॉन्फिगरेशनमध्ये कंटेंट रूट आणि सोर्स रूट दोन्ही पायथनपाथमध्ये घालण्याच्या खुणा मुळात चालू असतात. आयडीईत चालतं आणि टर्मिनलमध्ये पडतं, किंवा उलट, याचा उगम पुष्कळदा तिथे असतो.

फक्त टेस्टमध्ये पडत असेल तर पायटेस्टकडे या. त्याची डीफॉल्ट इम्पोर्ट पद्धत ‘प्रीपेंड’ आहे: टेस्ट फाइलपासून वर जाताना ज्या पहिल्या फोल्डरमध्ये `__इनिट__.पीवाय` नसेल ते फोल्डर तो `सिस.पाथ`च्या सुरुवातीला घालतो. म्हणजे टेस्ट पॅकेजच्या आत ठेवल्या आणि एका पायरीवर `__इनिट__` फाइल विसरली, की पॅकेजचं आतलं फोल्डरच सर्च पाथमध्ये जातं आणि जे आखूड नाव चालायला नको ते चालायला लागतं. टेस्ट पॅकेजबाहेर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि इम्पोर्ट-मोड `इम्पोर्टलिब` करा. त्या पद्धतीत पायटेस्ट सर्च पाथला हात लावत नाही.

जँगो या वेब फ्रेमवर्कमध्ये हाच दोष ‘एक्सप्लिसिट ॲप_लेबल’ जाहीर केलेलं नाही असा रनटाइमएरर किंवा ‘कन्फ्लिक्टिंग मॉडेल्स’ असा एरर देऊन समोर येतो. दोन्ही वेळा मॉडेलचं मॉड्यूल सेटिंगमधल्या नावाहून वेगळ्या नावाने इम्पोर्ट झालेलं असू शकतं. २०१२ साली आलेल्या जँगो १.४ मध्ये प्रोजेक्टची फोल्डर-रचना आणि मॅनेज-पाय फाइल बदलली गेली, त्यामागचं एक मोठं कारण ही दुहेरी इम्पोर्टच होती. जुन्या फाइलमुळे प्रोजेक्टचं फोल्डर आणि त्याच्या वरचं फोल्डर दोन्ही पाथमध्ये येत असत. एखादा प्रकल्प त्या काळापासून चालत आला असेल तर मॅनेज-पाय उघडून बघा.

उपाय: एसआरसी रचना (पॅकेज `एसआरसी` फोल्डरच्या आत) ठेवा, `पिप इन्स्टॉल -ई .` करून पॅकेज एडिटेबल (कामाच्या फोल्डरशी जोडलेलं) बसवा आणि सगळीकडे पूर्ण नावानेच इम्पोर्ट करा. पायथन ३.११ पासून `-पी` (कॅपिटल पी) हा पर्याय आहे. तो लावला की स्क्रिप्टचं फोल्डर किंवा चालू डिरेक्टरी आपोआप सर्च पाथमध्ये येत नाही. सीआयमध्ये टेस्ट एकदा तसा चालवून बघा: आखूड नावाने केलेले सगळे इम्पोर्ट एकदम उघडे पडतात.

तिसरी वाट: नाव तेच, आयडी वेगळा

`इम्पोर्टलिब.रीलोड` मॉड्यूल पुन्हा चालवतं आणि त्या मॉड्यूलमधलं `पावती` हे नाव नव्या क्लासकडे वळवतं. आधी बनलेले ऑब्जेक्ट जुन्या क्लासचेच राहतात. ज्या मॉड्यूलांनी `फ्रॉम नोंदी इम्पोर्ट पावती` केलं होतं त्यांच्याकडेही जुनाच क्लास राहतो, कारण त्यांनी नावाची स्वतःची प्रत घेतलेली असते. जुन्या पद्धतीने `सुपर(पावती, सेल्फ)` लिहिलेल्या कोडमध्ये याचं फळ म्हणून ‘इन्स्टन्स ऑर सबटाइप ऑफ टाइप’ असे शब्द असलेला टाइपएरर येतो. रिकाम्या कंसाचा `सुपर()` यातून वाचतो, कारण तो क्लास नावाने शोधत नाही.

ज्युपिटरमध्ये क्लासची सेल पुन्हा चालवली की हेच घडतं. ऑटोरीलोड एक्स्टेन्शन जुन्या क्लासमध्ये नवी मेथड भरायचा प्रयत्न करतं, पण सगळ्याच बाबतीत ते जमत नाही, तेव्हा त्यावर विसंबू नका. कर्नल रीस्टार्ट करून वरपासून चालवणं हाच सरळ मार्ग. तासन्‌तास चाललेल्या गणनेचे ऑब्जेक्ट वाचवायचे असतील तर `प.__क्लास__ = पावती` असं लिहून ऑब्जेक्ट नव्या क्लासला जोडता येतो. स्लॉट बदलले असतील तर ‘ऑब्जेक्ट लेआउट डिफर्स’ असा एरर येईल. हे नोटबुकपुरतं ठीक, प्रॉडक्शनच्या कोडमध्ये नको.

टेस्टमध्ये `सिस.मॉड्यूल्स`मधून नोंद काढून मॉड्यूल ‘ताजं’ करण्याची सवयही याच गटात येते. एका टेस्टने हे केलं की त्यानंतरच्या भलत्याच टेस्ट पडतात, आणि त्या एकेकट्या चालवल्या की पास होतात. टेस्टचा क्रम बदलल्यावर निकाल बदलत असेल तर आधी हे शोधा.

`__क्वालनेम__`मध्ये ‘लोकल्स’ दिसत असेल तर क्लास फंक्शनच्या आत आहे आणि प्रत्येक कॉलला नवा बनतो आहे. फंक्शनमध्ये `नेम्डटपल()` बोलावून बनवलेला क्लासही याच जातीचा, पण त्याच्या `__क्वालनेम__`मध्ये ‘लोकल्स’ दिसत नाही. असे क्लास मॉड्यूलच्या पातळीवर आणा.

फाइलच दोन असतील, म्हणजे साइट-पॅकेजेसमध्ये पूर्वी बसवलेली जुनी प्रत आणि कामाच्या फोल्डरमधली नवी, तर जुनी अनइन्स्टॉल करून एडिटेबल बसवा. लायब्ररीने दुसरी लायब्ररी स्वतःच्या पोटात घेतलेली असते तेव्हाही असं होतं. पिप स्वतःच्या `_व्हेंडर` फोल्डरमध्ये रिक्वेस्ट्सची प्रत ठेवतो, आणि त्या प्रतीची एक्सेप्शनं तुम्ही बसवलेल्या रिक्वेस्ट्सच्या `एक्सेप्ट`मध्ये सापडणार नाहीत.

उलटी तक्रार: नको तिथे ट्रू

यात क्लास दुप्पट झालेला नसतो. इनहेरिटन्सचं नातं खरोखरच असतं, फक्त लिहिणाऱ्याच्या ध्यानात नसतं. अशा वेळी एमआरओ छापली की उलगडा होतो.

`बूल` हा `इंट`चा सबक्लास आहे, पायथन २.३ मध्ये आला तेव्हापासून. म्हणून `इझइन्स्टन्स(ट्रू, इंट)` ट्रू आहे. नग मोजणाऱ्या फील्डमध्ये चुकून ट्रू आलं तर ते १ म्हणून बेरजेत जातं. `मॅच`मधली `केस इंट()` ट्रूलाही पकडते, आणि `सिंगलडिस्पॅच`मध्ये `बूल`ची वेगळी नोंद नसेल तर तो `इंट`कडे जातो. `बूल`ची तपासणी नेहमी `इंट`च्या आधी लिहा.

`डेटटाइम` हा `डेट`चा सबक्लास आहे. `इझइन्स्टन्स(क्ष, डेट)` लावून ‘ही नुसती तारीख आहे’ असं मानलं, तर वेळ असलेलं मूल्यही आत येतं आणि पुढे `<` लावताच ‘कान्ट कम्पेअर’ असा टाइपएरर येतो. पांडाजचा टाइमस्टॅम्प हा `डेटटाइम`चा सबक्लास आहे. त्याहून घातक म्हणजे रिकाम्या तारखेचं `नॅट` हे मूल्यसुद्धा या तपासणीत ट्रू देतं. पांडाजमधून आलेल्या मूल्यावर `पीडी.इझना` आधी लावा, टाइप नंतर विचारा.

नमपायचं गणित सरळ नाही. `फ्लोट६४` हा पायथनच्या `फ्लोट`चा सबक्लास आहे, पण पायथन ३ मध्ये `इंट६४` हा `इंट`चा सबक्लास नाही. त्यामुळे दशांश आकडे तपासणीतून जातात आणि पूर्णांक अडतात. दोन्ही हवेत तर `नंबर्स.इंटिग्रल` आणि `नंबर्स.रिअल` यांच्याशी तपासा, नमपायने आपले टाइप तिथे नोंदवलेले आहेत. `डेसिमल` मात्र `रिअल`मध्ये मोडत नाही, तो फक्त `नंबर्स.नंबर` म्हणून नोंदलेला आहे. पैशांचे व्यवहार असतील तर `डेसिमल`चं नाव अटीत वेगळं लिहा.

यादीतल्या याद्या सपाट करणारं रिकर्सिव्ह फंक्शन `रिकर्शनएरर`ने पडत असेल तर कारण बहुधा स्ट्रिंग. स्ट्रिंग `इटरेबल` आहे, आणि एका अक्षराच्या स्ट्रिंगमधून पुन्हा तीच स्ट्रिंग मिळत राहते. `एसटीआर` आणि `बाइट्स` आधी वेगळे काढा.

टाइप() एक सांगतं, इझइन्स्टन्स दुसरं

`इझइन्स्टन्स` आधी खरा टाइप बघतं आणि तिथे जमलं नाही तर ऑब्जेक्टच्या `__क्लास__`लाही विचारतं. या `__क्लास__`ला प्रॉक्सी ऑब्जेक्ट, म्हणजे दुसऱ्या ऑब्जेक्टच्या वतीने उभे असणारे, हवं ते उत्तर देऊ शकतात. जँगोमधला `रिक्वेस्ट.युझर` हा `सिंपललेझीऑब्जेक्ट` असतो: `इझइन्स्टन्स(रिक्वेस्ट.युझर, युझर)` ट्रू, पण `टाइप(रिक्वेस्ट.युझर) इज युझर` फॉल्स. `मॉक(स्पेक=पावती)` हेही असंच वागतं. म्हणून `टाइप(...) इज` ही तपासणी फक्त सबक्लासही नकोच असेल तिथेच वापरा. इतरत्र ती प्रॉक्सीवर आपटते.

प्रोटोकॉल आणि जेनेरिक

`लिस्ट[इंट]`शी `इझइन्स्टन्स` लावलं की टाइपएरर येतो, कारण लिस्टला आपल्या घटकांचा टाइप माहीत नसतो. `लिस्ट` तपासून घटक वेगळे तपासावे लागतात. `इंट | एसटीआर` मात्र ३.१० पासून चालतं.

प्रोटोकॉल म्हणजे कोणत्या मेथड हव्यात एवढंच सांगणारा टाइप. `रनटाइम_चेकेबल` लावलेला प्रोटोकॉल फक्त मेथडचं नाव आहे का एवढंच बघतो, तिचे पॅरामीटर बघत नाही. तपासणी पास होऊनही कॉल पडू शकतो. ३.१२ मध्ये ही तपासणी ॲट्रिब्यूट स्थिर पद्धतीने शोधू लागली, त्यामुळे `__गेटॲट्र__`मधून आयत्या वेळी मिळणारी मेथड आता मोजली जात नाही. अपग्रेडनंतर अचानक फॉल्स येऊ लागला असेल तर इथे बघा.

डेटाक्लासच्या फील्डचा टाइप वाचून तपासणी करणारा कोड ‘आर्ग २ मस्ट बी अ टाइप’ म्हणत असेल, तर फाइलच्या डोक्यावर `__फ्यूचर__`मधून `ॲनोटेशन्स` इम्पोर्ट केलेलं असणार. त्यामुळे `फील्ड.टाइप`मध्ये टाइपऐवजी स्ट्रिंग असते. `टायपिंग.गेट_टाइप_हिंट्स` वापरा, ते स्ट्रिंगमधून खरे टाइप काढून देतं.

जावा आणि जावास्क्रिप्टमध्ये

जावात क्लासची ओळख त्याचं पूर्ण नाव आणि त्याला घडवणारा क्लासलोडर या जोडीवर ठरते. ‘क्ष क्लास क्ष क्लासमध्ये कास्ट होत नाही’ असं क्लासकास्टएक्सेप्शन आलं की दोन लोडर आहेत असं समजा. जावा ११ पासून एररच्या मजकुरातच दोन्ही लोडर लिहिलेले येतात, ते पूर्ण वाचा. स्प्रिंग बूटचं डेव्हटूल्स जार फाइलींसाठी एक आणि तुमच्या कोडसाठी दुसरा असे दोन लोडर वापरतं. एखादी जार तुमच्या क्लासशी बांधलेली असेल तर मेटा-इन्फ फोल्डरमधल्या स्प्रिंग-डेव्हटूल्स प्रॉपर्टीज फाइलीत `रीस्टार्ट.इन्क्लूड`ने तिला रीस्टार्ट लोडरकडे द्या.

जावास्क्रिप्टमध्ये प्रत्येक आयफ्रेमचा `ॲरे` वेगळा असतो, म्हणून तिथून आलेल्या ॲरेवर `इन्स्टन्सऑफ ॲरे` फॉल्स देतं. `ॲरे.इझॲरे` वापरा. स्वतःच्या क्लासबाबत असं होत असेल तर नोड-मॉड्यूल्समध्ये त्या पॅकेजच्या दोन आवृत्त्या बसल्या आहेत का ते `एनपीएम एलएस` आणि पॅकेजचं नाव देऊन बघा, मग `एनपीएम डीड्यूप` चालवा. तरी दोन राहिल्या तर दोन अवलंबी पॅकेजांनी मागितलेल्या आवृत्त्यांच्या मर्यादा एकमेकींत बसत नाहीत. त्यातलं एक अपग्रेड करावं लागेल. ते पॅकेज तुमचंच असेल तर ते डिपेंडन्सीजमधून काढून पिअर-डिपेंडन्सीजमध्ये ठेवा, म्हणजे वापरणाऱ्याकडे एकच प्रत बसेल.